डावा गाल

त्या गल्लीत चष्म्याचं दुकान एकच होतं आणि दुकानदाराला सगळे ‘चकाचक’ म्हणत. त्याला हे नाव आवडायचं असं नाही, पण ते खोटंही नव्हतं. गिऱ्हाईक चष्मा दुरुस्तीला द्यायचं तेव्हा नाकावर टेकणाऱ्या त्या दोन छोट्या गाद्यांखाली वर्षानुवर्षांचा घाम, मेण आणि हिरवट मळ साचलेला असायचा. चकाचक तो चिमट्याने उकरून काढायचा. काढताना ओठ आत ओढून, श्वास रोखून असा काही चेहरा करायचा की गिऱ्हाइकाला स्वतःच्या नाकाची लाज वाटावी. “माणसं ही घाण चेहऱ्यावर घेऊन फिरतात तरी कशी?” असं तो बायकोला रोज सांगायचा. बायको बेकरीत पहाटेच्या पाळीला जायची. पहाटेपासून पीठ तुडवून ती दमून आलेली असायची. ती म्हणायची, “चेहऱ्यावर नाहीतर काय खिशात घेऊन फिरायची?”

त्याला किळस फार. दुसऱ्याच्या ग्लासातलं पाणी त्याने जन्मात प्यायलं नव्हतं. आणि या सगळ्या किळशीचं मूळ शोधायचं झालं तर ते त्याच्या वडिलांच्या तोंडात सापडलं असतं.

आप्पा फळबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा की पेट्यांच्या राशीपलीकडे उभ्या असलेल्या बहिऱ्यालाही भाव कळावा. घसा ओला राहायला हवा म्हणून तोंडात सतत पेपरमिंट. एक विरघळली की दुसरी, दुसरी विरघळायच्या आत तिसरी. आप्पा जेवायचे तेही मोठ्याने. मचमच करत, बोलत, हसत, आणि हसताना तोंडातला घास जगाला दाखवत. घरी आल्यावर लेकाला जवळ ओढून त्याच्या गालावर मुके घ्यायचे तेव्हा पेपरमिंटचा गोड वास यायचा आणि त्या गोडाच्या खाली दुसरा एक वास असायचा, कुजक्या फळाच्या पेटीसारखा. लेक गाल पुसायचा. आप्पा म्हणायचे, “पुसतोय बघा! बापाचा मुका पुसतोय!” आणि परत घ्यायचे.

तर असे हे आप्पा एका दुपारी जेवता जेवता खुर्चीतून डावीकडे कलले. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला, पण डावा हात, डावा पाय आणि डावा अर्धा चेहरा गेला. दवाखान्यातून त्यांना लेकाच्या घरी आणलं, कारण आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आणायला दुसरं घर नव्हतं. जीभ जड झाली होती, तरी सरावाने बोलणं कळायचं.

घरात कामं वाटून घेतली गेली. अंघोळ, कपडे, अंथरूण, शौचाचं भांडं हे सगळं सुनेने अंगावर घेतलं, तेही तोंड वाकडं न करता. मात्र दात घासायला ती ब्रश घेऊन गेली की आप्पा उजव्या हाताने तोंडावर पांघरूण ओढून घ्यायचे.

“अहो, ते माझ्यासमोर तोंड उघडत नाहीत,” ती नवऱ्याला म्हणाली. “लाजतात. बाकी सगळं मी करते. तोंड तेवढं तुम्ही बघा.”

“नेमकं तोंडच?”

“नाहीतर बदलू या का? भांडं तुम्ही घ्या.”

चकाचकने तोंड घेतलं. घेतलं म्हणजे काय, तर सकाळी आप्पांच्या मांडीवर थुंकायला तसराळं ठेवायचं, पेस्ट लावलेला ब्रश त्यांच्या उजव्या हातात द्यायचा आणि आपण खिडकीबाहेर तोंड करून समोरच्या इमारतीचे पाइप बघत उभं राहायचं. मागून खसाखसा आवाज यायचा, मग खाकरणं, मग थुंकणं. थुंकण्याचा आवाज आला की तो डोळे मिटून घ्यायचा. तसराळं धुताना तर हात लांब करून, मान पूर्ण फिरवून धुवायचा. आप्पा कुठले दात घासतात, कसे घासतात, हे त्याने एकदाही पाहिलं नाही.

रात्रीचं घासणं त्याने परस्पर रद्दच केलं होतं. झोपायचंच तर आहे, झोपेत कोणाला दात दाखवायचेत? उलट रात्री आप्पांना कोरड पडायची. औषधांनी तोंड सुकायचं आणि ते हाका मारत बसायचे. मग हा उशाजवळच्या डब्यातली एक पेपरमिंट त्यांच्या ओठांत सरकवायचा. सरकवायचा म्हणजे तीसुद्धा कागदात धरून, बोट ओठाला लागू न देता. आप्पा गप्प व्हायचे, चोखत चोखत झोपून जायचे. वासही झाकला जायचा. एका दगडात दोन पक्षी, असं त्याला वाटायचं.

मग घरात दुर्गंध सुटला.

आधी त्याला वाटलं मोरी तुंबली. मोरीत औषध ओतलं. मग वाटलं फुलदाणीतलं पाणी कुजलं. फुलदाणी फुलांसकट फेकली. पडदे धुतले. गादी उन्हात टाकली. वास जाईना. गोडसर, ओलसर, घशात जाऊन बसणारा. दुकानातून जेवायला आला की तो आधी सगळ्या खिडक्या उघडायचा. शेवटी त्याची खात्रीच पटली की कपाटामागे उंदीर मरून पडलाय. रविवारी त्याने नाकाला रुमाल बांधला आणि आप्पांच्या खोलीतलं कपाट एकट्याने ओढून काढलं. मागे धूळ होती, एक बटण होतं आणि कोळ्याचं जाळं होतं. उंदीर नव्हता.

बायको दारात उभी होती. हलक्या आवाजात म्हणाली, “उंदीर नाहीये. मला वाटतं, आप्पा आहेत.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग आप्पांकडे पाहिलं. आप्पा छताकडे बघत होते.

“आप्पा, आ करा बरं.”

आप्पांनी ओठ घट्ट मिटले. बायको आपणहून बाहेर गेली. त्याने चष्मे तपासायची छोटी बॅटरी काढली आणि परत म्हटलं, “आ करा. ती गेली.” आप्पांनी तोंड उघडलं. उजवी बाजू पिवळी होती, पण घासलेली. त्याने नाइलाजाने चमच्याच्या दांड्याने डावा गाल बाजूला केला.

गाल आणि दात यांच्यामध्ये एक पिशवी झाली होती. मेलेल्या गालाला काही कळत नव्हतं, म्हणून जे जे त्या बाजूला गेलं ते तिथेच राहिलं होतं. पावाचा करडा लगदा होता. केळ्याचा काळा पडलेला, तार सुटणारा गोळा होता. दुधाची साय धरल्यासारखा पांढरा थर हिरडीवर चढला होता. आणि या सगळ्यात, दाढेला चिकटून, कालच्या पेपरमिंटचा चपटा तुकडा अजून चमकत होता. त्याच्या शेजारच्या दोन दाढा तपकिरी होऊन मुळापाशी कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. एका दाढेत खड्डा होता आणि खड्ड्यात काहीतरी ओलं हललं. ते हललं की बॅटरी धरलेला हात हलला, हे त्याला अखेरपर्यंत कळलं नाही. तो पलंगाजवळच्या तसराळ्याकडे वळला आणि सकाळचं सगळं खाल्लेलं त्यात ओकला.

ओकून मान वर केली तेव्हा आप्पा त्याच्याकडे बघत होते.

“सा-पडला का उंदीर?” आप्पांनी विचारलं. अर्धं तोंड हसलं. मग त्यांनी उजव्या हाताने चादर नाकापर्यंत ओढली आणि भिंतीकडे मान वळवली.

दुसऱ्या दिवशी चाकाच्या खुर्चीत घालून त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. या डॉक्टर म्हणजे आडव्या बांध्याच्या, केस आखूड कापलेल्या बाई होत्या आणि बोलणं चिमट्यासारखं. तोंडात नळी सोडून त्यांनी तो सगळा गाळ उपसला. घरघर आवाज करत तो नळीतून गेला तेव्हा चकाचकने भिंतीवरच्या घड्याळावर नजर खिळवली. एक दाढ काढावीच लागली. दुसरीतली कीड कोरून भरली. आप्पांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं.

“रात्री झोपताना काय देता यांना?” हातमोजे काढत डॉक्टरबाईंनी विचारलं.

“पेपरमिंट,” तो म्हणाला. “कोरड पडते म्हणून.”

“आणि ती डाव्या गालात जाऊन बसते. झोपेत लाळ कमी, त्यात औषधांनी आणखी कमी. म्हणजे तुम्ही रात्रभर वडिलांचे दात साखरेत भिजत घालता.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त झोंबलं. “कोरड पडली तर पाण्याचा घोट द्या. नीट बसवून, थोडं थोडं. गोड द्यायचंच असेल तर जेवणाबरोबर, एकदा. सारखं सारखं चघळणं बंद. आणि झोपायच्या आधी घासल्याशिवाय झोपवायचं नाही. सकाळचं एक वेळ चुकलं तर चुकू दे, रात्रीचं नाही.”

“ब्रश देतो ना मी त्यांच्या हातात.”

“त्यांना डावी बाजू आहे हेच कळत नाही. जी बाजू कळते ती ते घासतात. डावीकडे तुमचं बोट जायला हवं. बोटाला ओली जाळीची पट्टी गुंडाळायची, गाल पुसून काढायचा, मग ब्रश.”

“एखादं औषध नाही का? चूळ भरायचं वगैरे?”

“आहे. पण चूळ भरून उकिरडा उठत नाही.”

मग बायकोलाही कधी इतकं सरळ सांगितलं नव्हतं ते त्याने सांगून टाकलं. “मला किळस येते हो. मला जमायचं नाही. मला खरंच ओकारी येते.”

“मलाही येते,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“तुम्हाला?”

“आत्ता आली होती. तोंडावर पट्टी असते म्हणून दिसत नाही. येऊ द्यायची. किळस आली म्हणून कोणाचं बोट गळून पडत नाही.” त्यांनी नवे मोजे चढवले. “तुम्ही शेवटचे दात कधी दाखवले होते?”

“माझे? माझे काय? मी दोनदा घासतो. सकाळी उठल्यावर आणि दुकानात जायच्या आधी.”

“आणि रात्री?”

त्याने परत घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनी दुसऱ्या खुर्चीकडे बोट दाखवलं. आप्पांसमोर नाही कसं म्हणायचं म्हणून तो बसला. पेनाएवढा कॅमेरा त्याच्या तोंडात फिरला, आणि समोरच्या पडद्यावर चित्र उमटलं. फुगलेली लाल हिरडी, तिच्या कडेला घट्ट झालेला पिवळा-तपकिरी थर, दोन दाढांच्या मध्ये काळी पोकळी आणि तिच्यात अडकलेला पांढरट धागा.

त्याने चेहरा फिरवला. “आप्पांचं परत कशाला दाखवताय?”

“हे तुमचं आहे.”

“नाही.”

“जीभ हलवा.”

त्याने जीभ हलवली. पडद्यावर एक जाड, खरबरीत, पांढुरका गोळा त्या पोकळीवरून सरपटत गेला. दुकानात दिवसभर तो गोड चहा घोट घोट पीत बसायचा. गिऱ्हाइकाशी जवळून बोलावं लागतं, तोंडाला वास नको म्हणून खिशात पेपरमिंट ठेवायचा. आत्ताही एक खिशात होती. दातांचा दर्शनी भाग मात्र तो असा घासायचा की लोक म्हणत, दात बघावे तर चकाचकचे.

“पुढचे दात सुंदर आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण फटींत दात साफ करायचा दोरा कधी गेलेला नाही. ही कीड दाढेच्या नसेपर्यंत पोचली असेल.”

शेजारच्या खुर्चीतून घुसमटल्यासारखा आवाज आला. आप्पा हसत होते. बधिर ओठ लोंबत होता, कापसाच्या बोळ्यातून रक्ताची लाळ हनुवटीवर ओघळत होती, आणि ते पोट हलवून हसत होते. इतकं घाणेरडं हसू त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि आपल्याला ओकारी नेमकी कशाची येतेय, त्या रक्ताची की पडद्यावरच्या पोकळीची, हे त्याला सांगता आलं नसतं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्याने आप्पांच्या पाठीशी उशा लावून त्यांना ताठ बसवलं. गळ्याभोवती टॉवेल बांधला. हनुवटी थोडी खाली घ्यायला लावली, म्हणजे पाणी घशात उतरून ठसका लागू नये. दाढ काढलेल्या जागेला हात लावायचा नव्हता, बाकीचं करायचं होतं. बोटाला पट्टी गुंडाळली. बोट तोंडापाशी नेलं आणि आप्पांनी चादर ओढली.

“आप्पा.”

“नको.”

“डॉक्टरबाईंनी सांगितलंय.”

“तू… ओकलास.” आप्पांना शब्द गोळा करायला वेळ लागला. “बाजारात… माझ्या तोंडाकडे… सगळे बघायचे. आता हे. लाज वाटते मला.”

चकाचक पलंगाच्या कडेवर बसला. वडिलांना लाज वाटू शकते ही गोष्ट त्याला नवी होती. लाजायचं काम लहानपणापासून त्याच्याकडेच होतं.

“तुम्हाला लाज वाटते आणि मला किळस येते,” तो म्हणाला. “काय करायचं सांगा. दोघांनी मिळून उरकून टाकू.”

आप्पांनी चादर सोडली.

बोट आत गेलं. आतलं ते गरम, ओलं, ढिलं पडलेलं मांस बोटाला बिलगलं आणि त्याच्या घशात आंबट पाणी आलं. त्याने मान फिरवली, एकदा कोरडीच ओकारी काढली, बोट मात्र होतं तिथेच ठेवलं. आप्पा तोंड उघडं ठेवून थांबून राहिले. गालाच्या तळाशी बटाट्याचा गोळा लागला. तो ओढून काढला, तसराळ्यात टाकला. परत पट्टी, परत बोट. मग ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घेऊन हिरडीच्या कडेने हळूहळू फिरवला. फेसात गुलाबी रंग उतरला. थुंकताना आप्पांचा नेम चुकला आणि निम्मं त्याच्या मनगटावर आलं.

“शी!” तो ओरडला.

“शी,” आप्पांनी मान्य केलं.

त्यानंतर त्याने हात साबणाने धुतले, परत धुतले, आणि मग आरशासमोर उभं राहून स्वतःच्या दातांच्या फटींतून दोरा ओढला. दोऱ्यावर जे आलं त्याचा वास घ्यायची चूक त्याने केली. कुजक्या फळाच्या पेटीचा वास. त्याने दिवा बंद केला आणि अंधारातच दात घासले.

पुढे सगळं सुरळीत झालं असं नाही. एकदा खोकला आला म्हणून आप्पांचे दात त्याच्या बोटावर मिटले आणि बोट सुजलं. स्वतःच्या दाढेची नस काढायला तो चार वेळा खुर्चीत जाऊन बसला आणि दर वेळी डोळे मिटून घेतले. दुकानातला चहा बिनसाखरेचा झाला, त्यामुळे काही दिवस गिऱ्हाइकांशी तो कुत्र्यासारखा वागला. आणि पेपरमिंट बंद झाल्यावर आप्पांनी दोन दिवस अबोला धरला.

तो अबोला मोडला त्यांच्या बाजारातल्या जुन्या मित्राने. काट्यावर फळं तोलायचा म्हणून त्याला ‘तराजू’ म्हणत. तो आप्पांना भेटायला आला तो पेपरमिंटची अख्खी पिशवी घेऊन. चकाचकने ती पिशवी त्याच्या हातातूनच काढून घेतली.

“अरे, म्हाताऱ्याला एवढं तरी सुख मिळू दे!” तराजू तडकला. “दात घेऊन काय वर जायचंय का?”

“वर जाईपर्यंत जेवायचंय ना?” चकाचक म्हणाला. “या, तोंडात बघा. बॅटरी देतो. मी बघितलंय, तुम्हीही बघा.”

तराजूने बॅटरीकडे बघून मान मागे घेतली. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. तुटका होता, पण बाजारातला होता.

“पाच!” आप्पा म्हणाले.

“काय पाच?”

“पाच रोज.”

“एकही नाही.”

“तीन… तीन एक वार…” आप्पांनी लिलावाची बोली पुकारली.

“एक,” चकाचक म्हणाला. “दुपारी, जेवणाबरोबर. आणि नंतर माझं बोट.”

आप्पांनी तराजूकडे पाहिलं. तराजूने खांदे उडवले. आप्पांनी उजवा तळहात पलंगाच्या फळीवर आपटला. सौदा झाला.

सहा महिन्यांनी डॉक्टरबाईंनी आप्पांचं तोंड तपासलं, नवीन कीड कुठेच नाही म्हणाल्या. घरातला वास केव्हाच गेला होता. सून आता आप्पांच्या समोर बसून जेवायची, आणि तिच्यासमोर ते तोंडावर हात न धरता हसायचे. चकाचकची किळस मात्र गेली नाही. गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल. रोज बोट आत जाताना त्याचा चेहरा तसाच व्हायचा, ओठ आत, श्वास बंद.

एका दुपारी तो जेवून हात पुसत होता. आप्पांनी स्वतःचं उजवं बोट तोंडात घातलं, डाव्या गालात नेलं, आत चाचपडलं आणि काहीतरी उकरून बाहेर काढलं. पावाचा ओला, लाळेत भिजलेला गोळा. तो बोटाच्या टोकावर धरून त्यांनी लेकासमोर केला.

“बघ,” आप्पा म्हणाले. “माझा मीच काढला.”

तसराळं हाताशी नव्हतं. चकाचकने इकडे तिकडे पाहिलं, मग नाक मुरडून आपला तळहात पुढे केला.